पाच बेटं नकोत, एक कडं नीट बघा: तुआमोतूच्या लगूनांबद्दल

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्याचं एक जोडपं, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, मेच्या उत्तरार्धात बारा दिवसांसाठी दक्षिण पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियाला निघालंय. यादीत मूरेआ, बोरा बोरा, रांगिरोआ, तिकेहाऊ आणि फाकारावा अशी पाच बेटं आहेत. यजमानांना पोहता येतं. बाईंना येत नाही, शिवाय त्या शाकाहारी आहेत. लगून, म्हणजे पोवळ्यांच्या भिंतीच्या आतलं समुद्राचं पाणी, नीट बघायचं तर कसं, आणि जिथे शार्क आहेत त्या पाण्यात उतरायचं का, असं त्यांनी विचारलंय.

मी मूळची मालवणची. डायव्हिंग शिकवण्यावर माझं घर चालतं, आणि लहान गट घेऊन मी बऱ्याचदा तुआमोतूला, म्हणजे रांगिरोआ, तिकेहाऊ आणि फाकारावा ज्या बेटसमूहात आहेत तिथे, गेले आहे. त्या अनुभवावरून सरळ सांगते: बोरा बोरा आणि तिकेहाऊ यादीतून काढून टाका. दोन्ही सुंदर आहेत. पण बारा दिवसांत पाच बेटं म्हणजे निम्मे दिवस विमानतळावर, आणि लगून दिसायला जी एक गोष्ट लागते ती नेमकी त्यात जाते: वाट बघायला हाताशी असलेला वेळ.

का, ते समजायला हे कडं, म्हणजे लगूनभोवतीचं पोवळ्यांचं बांगडीसारखं बेट, बनतं कसं ते आधी बघू. शाळेच्या पुस्तकात याला कंकणद्वीप म्हणतात, आणि तो शब्द अगदी चपखल आहे. इंग्रजीतला 'अॅटॉल' हा शब्द आपल्या शेजारच्या मालदीवच्या धिवेही भाषेतून गेलेला. लगूनला मात्र पाठ्यपुस्तकं 'खाजण' म्हणतात, ते मला पटत नाही. कोकणातल्या माणसाला खाजण म्हटलं की चिखल, कांदळवन आणि खेकडे आठवतात. म्हणून मी लगूनच म्हणते.

समुद्रातून ज्वालामुखी वर येतो आणि त्याच्या काठाला उथळ, उबदार पाण्यात पोवळी वाढू लागतात. पुढे लाखो वर्षांत डोंगर हळूहळू खाली बसतो, पण पोवळ्यांना उजेड हवा असतो, म्हणून ती वर वर चढत राहतात. डोंगर आणि पोवळ्यांच्या भिंतीमध्ये पाणी शिरतं, तेच लगून. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि उरतं ते नुसतं कडं. डार्विनने १८४२ साली हे मांडलं. तो १८३५च्या नोव्हेंबरात ताहितीला उतरला होता आणि तिथल्या चढावरून त्याने समोरचं मूरेआ बघितलं होतं, पांढऱ्या फेसाच्या चौकटीत बसवल्यासारखं. त्याचं म्हणणं खरं ठरायला पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. १९५२ साली मार्शल बेटांतल्या एनेवेटाक इथे भोक पाडलं, तेव्हा जवळजवळ १,४०० मीटर पोवळ्यांचा चुनखडक लागला आणि त्याच्याखाली ज्वालामुखीचा काळा दगड.

म्हणून मूरेआ ठेवा. पापीतेहून, म्हणजे ताहितीवरच्या राजधानीहून, बोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता, विमान लागत नाही. तिथे डोंगर अजून उभा आहे. त्यानंतर फाकारावाला उतरलात की तोच डोंगर पायाखाली बुडालाय हे तुमचं तुम्हालाच उमगेल. ही दोन टोकं बघितली की मधल्या पायरीवरचं बोरा बोरा राहिलं तरी चालतं.

माझ्या हिशेबाने पहिली रात्र पापीते, मग पाच रात्री फाकारावा, तीन रांगिरोआ आणि शेवटच्या दोन मूरेआ. फाकारावा आणि रांगिरोआ यांच्यामध्ये थेट विमान रोज नसतं, म्हणून मुक्काम कमीजास्त करायला लागेल. आधी विमानाचे वार बघा, मग खोल्या ठरवा. बहुतेक लोक उलटं करतात आणि अडकतात.

आता मुद्द्याचं: पाणी. कोकणातल्या कुठल्याही जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारा, तो तिथी विचारेल आणि तिची पाऊणपट करेल. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. मी या हिशेबावर वाढले. ताहितीला पहिल्यांदा गेले तेव्हा तीन दिवस काठावर बसून होते, आणि भरती रोज दुपारी बाराच्या आसपास. तिथी पुढे सरकली तरी बाराच! कारण असं, की चंद्राने उठवलेली भरतीची लाट महासागरात काही ठरावीक बिंदूंभोवती फिरते आणि त्या बिंदूंपाशी तिची उंची जवळजवळ शून्य असते. ताहिती अशाच एका बिंदूच्या जवळ आहे. चंद्राचा जोर तिथे संपतो आणि उरतो तो सूर्याचा. दुपारी भरती, मध्यरात्री भरती, आणि फरक जेमतेम फूटभर. मुंबईला उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, त्यापुढे हे काहीच नाही.

हे ऐकून तुआमोतूचं पाणी शांत असेल असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. कड्याला मोजक्याच खोल फटी असतात, त्यांना पास म्हणतात. रांगिरोआला तिपुता आणि आवातोरु अशा दोन मोठ्या, दोन्ही उत्तरेला. फाकारावाला उत्तरेला गारुआए, फ्रेंच पॉलिनेशियातली सगळ्यांत रुंद, आणि दक्षिणेला लहानशी तुमाकोहुआ. दक्षिण महासागरातून येणाऱ्या लाटा कड्याच्या बुटक्या बाजूवरून उड्या मारून आत पडत राहतात. लगूनमध्ये पाणी साठतं, बाहेरच्या समुद्रापेक्षा किंचित वर चढतं, आणि बाहेर पडायला वाट एवढीच. रांगिरोआचं लगून लांबीला सुमारे ऐंशी किलोमीटर. अख्खं ताहिती बेट त्यात मावेल. एवढं पाणी दोन दारांतून जायचं म्हटल्यावर ओढ नदीच्या पुरासारखी लागते. बाहेर लाटा मोठ्या असतील तर कधी कधी सबंध दिवस पाणी फक्त बाहेरच जात राहतं, भरतीचं वेळापत्रक काहीही म्हणो.

तिथले डायव्हिंगवाले दोन फ्रेंच शब्द दिवसभर उच्चारतात, तेवढे पाठ करा: 'रांत्राँ' म्हणजे आत येणारं पाणी आणि 'सॉर्तां' म्हणजे बाहेर जाणारं. पासमध्ये उतरायचं ते रांत्राँला. त्या वेळी आत येणारं पाणी खोल समुद्राचं असतं, काचेसारखं स्वच्छ, आणि तुम्ही वाहत गेलात तरी लगूनच्या कुशीत जाता. सॉर्तांला पाणी गढूळ, आणि वाहत गेलात तर पुढे मोकळा महासागर. म्हणून सकाळी नऊला सोयीचं, जेवणानंतर सोयीचं, असं काही तिथे चालत नाही. पाणी सकाळी सहाला वळणार असेल तर सहाला. एखाद्या बोटवाल्याने पाणी कुठल्या बाजूला जातंय हे न सांगता तुम्हाला पासमध्ये न्यायची तयारी दाखवली, तर त्याच्या बोटीत बसू नका.

सॉर्तांचीही एक मजा आहे, पण ती किनाऱ्यावरून. तिपुताच्या काठाशी संध्याकाळी जाऊन बसा. बाहेर जाणारं पाणी आणि समोरून येणाऱ्या लाटा भिडतात आणि पासच्या तोंडाशी उभ्या लाटांची रांग तयार होते. त्यात डॉल्फिन येतात. मी बघितलंय: एक मोठी मादी लाटेच्या पोटातून तिरकी वर आली, पूर्ण बाहेर, पाठीवरून पाणी निथळतंय, आणि तिच्या कुशीला चिकटून एवढंसं पिल्लू, तेही तशीच उडी मारू बघतंय आणि अर्ध्यावरच पडतंय. पाच-सहा वेळा पडलं. काठावर शाळा सुटलेली मुलं बसली होती, ती प्रत्येक वेळी ओरडायची. तिकीट नाही, बोट नाही, फक्त वेळ लागतो.

बाईंना पोहता येत नाही म्हणून त्या किनाऱ्यावर बसून राहतील असं ठरवून टाकू नका. खरं तर कंकणद्वीपासारखी न पोहणाऱ्याला सोयीची जागा जगात थोडी असेल. कड्यावरची छोटी छोटी बेटं म्हणजे मोतू, आणि दोन मोतूंमधला उथळ ओहोळ म्हणजे होआ. होआत पाणी घोट्यापासून मांडीपर्यंत. महासागराकडून लगूनकडे संथ वाहतं, तळाला गुलाबी-पांढरी वाळू, आणि त्यात हातभर लांबीची काळ्या टोकांची शार्कपिल्लं फिरत असतात. पाय हलवला की पळतात. जागेवर स्थिर उभं राहिलं की दोन मिनिटांनी परत येतात आणि पोटऱ्यांच्या बाजूने निघून जातात. होआत एक सकाळ उभं राहिलेल्या माणसाची शार्कची भीती पुष्कळ कमी झालेली असते, हे मी गटागटांत पाहिलं आहे.

तिथून पुढची पायरी म्हणजे रांगिरोआचा 'अॅक्वेरियम'. तिपुता पासच्या आतल्या अंगाला एक लहान मोतू आहे, त्याच्या आडोशाची ही जागा. जीवरक्षक जाकीट घालून, वाटाड्याने धरलेल्या गोल रबरी फ्लोटला पकडून, तोंड पाण्यात घालायचं, बस. मात्र मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय पुण्यातच करा. चार रविवार तरण तलावाच्या उथळ बाजूला उभं राहून नळीतून श्वास घ्या, एवढं पुरतं. पहिला मास्क पॅसिफिकमध्ये लावणारा माणूस लाटेला घाबरत नाही, स्वतःच्या श्वासाच्या आवाजाला घाबरतो.

यजमानांसाठी फाकारावाची दक्षिण पास. रोतोआवा गावातून लगून उभं ओलांडून जायचं, साठेक किलोमीटर, बोटीला दीड तास तरी लागतो. तिथे तेतामानु नावाची वस्ती, एकोणिसाव्या शतकातलं पोवळ्याच्या दगडांचं चर्च आणि चार-दोन खोल्यांची निवासस्थानं. दिवसाची सहल करून परत येऊ नका, दोन रात्री तिथेच राहा. पासमध्ये शेकडो राखाडी रीफ शार्क प्रवाहाला तोंड करून टांगल्यासारखे थांबलेले असतात. रांत्राँला, वाटाड्याबरोबर, कडेच्या पोवळ्यांवरून नुसतं तरंगत आलात तरी ते खाली दिसतात. हवेची टाकी लावून उतरायचं तर डायव्हिंगचं प्रमाणपत्र हवं, आणि प्रवाहात उतरायचा थोडा सराव हवा. जून-जुलैच्या पौर्णिमेला इथे हजारो ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूच्या जातीतले मासे, अंडी घालायला जमतात. तुमच्या तारखा जूनच्या पौर्णिमेपर्यंत सरकत असतील तर सरकवा.

शार्कबद्दल एवढंच: २०१२पासून फ्रेंच पॉलिनेशियाच्या सगळ्या पाण्यात शार्क मारायला बंदी आहे, म्हणून ते दिसतात. मासे साफ करायच्या धक्क्यापाशी पोहू नका, अंधार पडल्यावर पासच्या जवळ पाण्यात शिरू नका, आणि एखादा बोटवाला शार्क जमावेत म्हणून माशांचे तुकडे टाकायला लागला तर नाही म्हणा. मला शार्कपेक्षा जास्त धास्ती दोन गोष्टींची. एक म्हणजे दगडमासा. तो तळाशी दगडासारखाच पडून असतो आणि त्याच्या काट्याचं विष फार वाईट, म्हणून जाड तळाचे पाण्यातले बूट काढायचेच नाहीत. दुसरी म्हणजे पोवळ्याची चीर. आपल्याकडे कालवाने पाय कापतो तशीच, पण ती चिघळते. गोड्या पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा, उद्यावर टाकू नका.

आणि वारा. मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. तुमचा मे चांगला, पण आग्नेयेचा वारा, त्याला तिथे माराआमू म्हणतात, जून ते ऑगस्टमध्ये जोर धरतो, आणि मेअखेरही दोन-तीन दिवस सुटू शकतो. लगून म्हणजे तळं नव्हे. तीस किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वारा आला की आत लाटा उठतात, आखूड आणि टोकदार. माझ्या एका गटाला एका बोटवाल्याने अशा दिवशी रांगिरोआच्या पश्चिम टोकाच्या निळ्या लगूनला नेलं. जाताना वारा पाठीशी, सगळे खुशीत गाणी म्हणत होते. येताना तोच वारा तोंडावर. तासाची वाट अडीच तासांची झाली, बोट प्रत्येक लाटेवर आपटत होती, आणि एका काकांची कंबर अशी धरली की पुढचे चार दिवस त्यांनी खोलीत काढले. नाही म्हणायचं काम माझं होतं आणि मी म्हटलं नाही, कारण आमच्याकडे रांगिरोआत तेवढा एकच दिवस उरला होता. तेव्हापासून मी कुठल्याही कंकणद्वीपावर तीन रात्रींपेक्षा कमी राहत नाही. लांबच्या सहलीचा दिवस आधी ठरवू नका. वारा पडेल त्या दिवशी जा. आणि बोटीत मागे बसा, पुढे नव्हे.

राहायला मोठी हॉटेलं टाळा आणि घरगुती निवास घ्या. त्याला तिथे पान्सिओं म्हणतात. न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरून खोली असते, आणि तेच बरं, कारण गावात खानावळी फार नसतात. फाकारावाच्या आमच्या यजमानीणबाई संध्याकाळी अंगणात एका लाकडी बैठकीवर बसायच्या. बैठकीच्या पुढच्या टोकाला दातेरी लोखंडी पातं, त्यावर नारळाची वाटी गरागरा फिरवायच्या. माझी आई विळीच्या टोकाच्या खवणीवर बसायची ती अगदी तशीच, डावा पाय दुमडून. मी न विचारता दुसरी वाटी उचलली आणि खवायला लागले. त्या थांबल्या, माझे हात बघितले, आणि रोजची अर्धी परडी माझ्यासमोर ठेवायला लागल्या. त्या नारळाच्या रसात कच्चा टूना आणि लिंबू घालतात, तो तिथला रोजचा पदार्थ.

बाईंसाठी: खोली घेतानाच 'मांस नाही, मासे नाहीत, अंडी चालतात की नाही' असं तीनदा लिहून कळवा. कंकणद्वीपावर मातीच नसते, भाजी मालवाहू बोटीने ताहितीहून येते, आणि बोट उशिरा आली की भात आणि डबाबंद वाटाणेच उरतात. पण उरु मिळाला तर सोडू नका. उरु म्हणजे आपला नीरफणस, तिथे निखाऱ्यात अख्खा भाजतात. ओल्या नारळाचा पावही मिळतो. घरून मेतकूट, भाजलेले पोहे, चटण्या न्या, पण कारखान्याच्या बंद पाकिटांतल्या, आणि विमानतळावर विचारलं तर दाखवा. ताजी फळं, बिया, रोपं मुळीच नेऊ नका.

यजमानांनी मासे खावेत, पण घरच्यांनी वाढलेलेच. पोवळ्यांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचं विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. त्या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात. शिजवून, तळून ते जात नाही. वास नाही, चव नाही. बाधा झाली की गार पाणी हाताला चटका बसल्यासारखं लागतं, आणि हा त्रास आठवडेच्या आठवडे राहू शकतो. कुठल्या बाजूचा कुठला मासा खायचा हे गावाला ठाऊक असतं. एकदा जेवणाच्या तोंडावर शेजाऱ्याने आणलेला सुंदर मोठा मासा यजमानीणबाईंनी हातात धरला, कुठे मिळाला ते विचारलं, आणि काही न बोलता परत केला. आम्ही त्या रात्री अंडी खाल्ली. स्वतः गळ टाकून मासा पकडलात तर तो आधी त्यांना दाखवा.

गावात फिरा. नारळाची झाडं शोभेची नाहीत, ती शेती आहे. फोडलेल्या वाट्या मांडवावर सुकत असतात आणि मांडवाला रुळावर सरकणारं पत्र्याचं छप्पर असतं. सर आली की धावत जाऊन ओढून घेतात. खोबरं बोटीने पापीतेला जातं. लोकांशी बोलाल तर जुन्या पिढीतली माणसं कधी कधी मुरुरोआचा विषय काढतात. १९६६ ते १९९६ या तीस वर्षांत फ्रान्सने मुरुरोआ आणि फांगातौफा या तुआमोतूतल्याच दोन कंकणद्वीपांवर १९३ अणुचाचण्या केल्या, आणि या गावांतले पुष्कळ लोक तिथे कामाला होते. विषय निघाला तर ऐका, फोटो काढू नका. रविवारी सकाळी चर्चमधलं गाणं ऐकायला जा, खांदे झाकून, मागच्या बाकावर.

आता कोरडी कामं. नुसता शेंगेन व्हिसा आहे म्हणून चालेल असं धरू नका. फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेनमध्ये नाही, तुमच्या पासपोर्टला काय लागू होतं ते फ्रेंच वकिलातीच्या नियमांतून बघा. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. चलन पॅसिफिक फ्रँक, १ युरोला सुमारे ११९. रोख पापीतेतच काढून ठेवा. कंकणद्वीपावर फक्त दवाखाना असतो, रुग्णालय पापीतेला, म्हणून विमा विमानाने हलवण्याच्या खर्चासकट घ्या. यजमानांनी टाकी लावून डाइव्ह केली तर शेवटची डाइव्ह आणि विमान यांत पुरा एक दिवस ठेवा. पिण्याचं पाणी पावसाचं, टाक्यांत साठवलेलं. अंघोळ मालवणच्या मे महिन्यासारखी करा, बादलीभर.

एवढा खर्च करण्याआधी मन साशंक असेल तर लक्षद्वीपच्या कदमत किंवा बंगारामला चार दिवस जाऊन या. परवाना लागतो, पण तीही खरीखुरी कंकणद्वीपंच आहेत, आणि बाईंना मास्क आवडतो की नाही ते तिथेच कळेल.

आजच करायचं काम एकच. फाकारावाच्या निवासाला पत्र पाठवा आणि खोलीचा दर विचारायच्या आधी हे विचारा: तुमच्या तारखांना दक्षिण पासमध्ये रांत्राँ किती वाजता आहे, आणि दोन रात्री तेतामानुला राहायची सोय होईल का. उत्तर आलं की तारखांसकट मला कळवा, पौर्णिमा आणि विमानाचे वार जुळवून देते.